बाकाची नोंद आहे, खोलीची नाही

दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंत एकच उपदेश सुरू होतो. माळा मोकळा करा, वर्षभर न घातलेले कपडे देऊन टाका, टेबल रिकामं ठेवा. मग मन हलकं होईल आणि नवं काही सुचायला लागेल. उपदेशात वाईट काही नाही. फक्त तो करणाऱ्याच्या पाठीमागे बहुतेक वेळा एक स्वतंत्र अभ्यासिका दिसत असते. वरळीच्या बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारं घर आज ३०० चौरस फुटांचं. त्यात पाच माणसं, एक कपाट, गणपतीचं मखर आणि गावाहून आलेलं तांदळाचं पोतं. इथे कितीही आवराआवर केली तरी बहिणीला तबल्याचा रियाज करता येईल आणि त्याच वेळी भावाला दहावीची गणितं सोडवता येतील, एवढी जागा निघत नाही. अशा घराला ‘पसारा काढा, प्रतिभा येईल’ असं सांगणं म्हणजे जागेच्या टंचाईचा दोष घरातल्या बाईच्या टापटिपीवर ढकलणं आहे.

अडगळ काढायला हवी, हे मला मान्य आहे. पण सर्जनाला अडवून बसलेली खरी अडगळ घराच्या माळ्यावर नाही. ती आपल्या करातून बांधलेल्या, कुलूप लावलेल्या खोल्यांत आहे.

जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत अशी एक खोली असते. पाय मोडलेली बाकं, गंजलेली कपाटं, कुठल्याशा योजनेत आलेले आणि आता सुरू न होणारे संगणक, पोषण आहाराची भोकं पडलेली पातेली, वाटायचे राहून गेलेले पुस्तकांचे गठ्ठे. शहरांत पालिकेच्या मराठी शाळांची पटसंख्या घसरत गेली, तुकड्या मिटल्या, आणि अनेक इमारतींत रिकाम्या झालेल्या वर्गांवर दुसऱ्याच कुठल्यातरी खात्याच्या सामानाने बस्तान मांडलं. गावच्या समाजमंदिरात मंडपाचे बांबू आणि खताची पोती. पोलिस ठाण्याच्या आवारात मुद्देमाल म्हणून उभ्या असलेल्या मोटरसायकली, ज्यांच्या सीटमधून आता गवत उगवलेलं असतं. (जप्त मालाचे फोटो आणि पंचनामा करून तो लवकर परत द्यावा किंवा विकावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं आहे. गवत तरीही उगवतंच आहे.)

हे सगळं तिथे का पडून राहतं? ‘सरकारी आळस’ हे उत्तर सोपं आहे, पण बहुतांशी चुकीचं आहे. शाळेत आलेली प्रत्येक टिकाऊ वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढते. चढवायला एक मिनिट लागतं. उतरवायची असेल तर निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो. जिल्ह्याजिल्ह्यात थोडाफार फरक असेल, पण वाट साधारण ठरलेली: वस्तूंची यादी, खरेदीची तारीख, मूळ किंमत, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मग वरिष्ठांकडे फाइल, मूल्यांकन, मंजुरी, लिलाव आणि आलेल्या रकमेचा भरणा. वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या बाकाची पावती आणायची कुठून? तेवढ्यात मुख्याध्यापकांच्या बदलीचा आदेश येतो. नवे गुरुजी नोंदवही उघडून चार्ज घेतात आणि एखादी वस्तू कमी भरली तर वसुलीचं लचांड जुन्यांच्या मागे लागतं. मोडकं का होईना, बाक जागेवर असलं की दोघंही सुटतात.

सगळी गोम इथे आहे. लेखापरीक्षक बाकं मोजतो. ती खोली वर्षातून किती तास उघडी होती, हे कुठल्याही नोंदवहीत लिहिलेलं नसतं. बाक हरवलं तर आक्षेप निघतो. खोली पंधरा वर्षं बंद राहिली तर कोणीही एक ओळ लिहीत नाही. अशा व्यवस्थेत शहाणा माणूस कुलूप लावून किल्ली ड्रॉवरमध्ये टाकेल, आणि मी त्याला दोष देणार नाही. दोष नोंदवहीच्या रकान्यांचा आहे.

एका खोलीने असा काय फरक पडतो, असं कोणी विचारेल. मराठी रंगभूमीपुरतं तरी याचं उत्तर इतिहासात लिहिलेलं आहे.

मुंबईत वॉर्डन रोडला भुलाभाई देसाई स्मारक संस्थेची वास्तू होती. १९५० आणि ६० च्या दशकांत तिथे एकाच छताखाली इब्राहिम अल्काझींचं नाटक चालायचं, गायतोंडे आणि हुसेन यांचे स्टुडिओ होते, रविशंकरांची संगीतशाळा होती. १९६० साली सुरू झालेल्या ‘रंगायन’ या प्रायोगिक नाट्यसंस्थेलाही या वास्तूचा आधार मिळाला. चित्रकार जिना उतरताना तालीम बघत होते आणि नटांच्या कानांवर सतार पडत होती. पुढे ती वास्तू गेली, तिच्या जागी टोलेजंग इमारत आली. तिथली माणसं नंतरही मोठीच राहिली, पण वेगवेगळ्या पत्त्यांवर.

मग दादरची छबिलदास शाळा. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांच्या सोबत्यांची ‘आविष्कार’ ही संस्था १९७१ ची. सुलभाताई त्याच शाळेत शिकवत होत्या, आणि १९७४ पासून शाळेचं सभागृह प्रायोगिक नाटकांसाठी मिळू लागलं. कसलं सभागृह! मखमली पडदा नाही, पंखे आवाज करणारे, बाहेर दादर स्टेशनाचा कोलाहल. पण भाडं परवडणारं होतं, आणि त्या एका गोष्टीने बाकीच्या सगळ्या गोष्टी बदलल्या. शंभर माणसं आली तरी प्रयोग होऊ शकत होता. प्रयोग पडला तर कोणाचं घर गहाण पडत नव्हतं. सत्यदेव दुबे, अमोल पालेकर यांच्यासारखे दिग्दर्शक तिथे व्यावसायिक मंचावर कोणी हातही लावला नसता अशी नाटकं करत होते. ‘छबिलदास चळवळ’ हा शब्द आज समीक्षेच्या पुस्तकांत आहे. एका चळवळीला शाळेचं नाव पडावं, तेही शाळा सुटल्यानंतरच्या तासांमुळे, हे मला त्या चळवळीतल्या कुठल्याही नाटकाइतकंच विलक्षण वाटतं. पुढे ‘आविष्कार’ माहीमच्या पालिका शाळेत गेली. म्हणजे पालिकेच्या शाळेची खोली संध्याकाळी रंगमंच होऊ शकते, हे सिद्ध करायला नव्याने काही करावं लागणार नाही.

आज पुरुषोत्तम करंडकासाठी तालीम करणारी पोरं काय करतात बघा. महाविद्यालयांची ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, आणि तालमीला जागा शोधणं हा तिचा जणू अलिखित पहिला अंक आहे. कॉलेजचं पार्किंग, कुणाच्या तरी सोसायटीची गच्ची, वॉचमन हाकलेपर्यंत बागेतला कोपरा. ही पुण्याची गत. तालुक्याच्या गावात तर पार्किंगही नसतं. नाटकाला निदान स्पर्धा तरी आहे. लाकूडकाम करून बघायचं आहे, रोबोट जुळवायचा आहे, चौघींना मिळून लावणीचा किंवा भरतनाट्यमचा सराव करायचा आहे, त्यांना तेवढंही निमित्त नाही.

इथे एक आक्षेप नेहमी येतो. अण्णा भाऊ साठ्यांनी घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत बसून कादंबऱ्या लिहिल्या. ज्याला करायचं तो करतोच. हा युक्तिवाद ऐकला की मला राग येतो, कारण तो अण्णा भाऊंच्या हालांचं प्रमाणपत्र करून सुखवस्तू माणसाच्या खिशात घालतो. झोपडीत एक माणूस लिहू शकतो. पण अण्णा भाऊ शाहीरही होते, आणि कलापथक झोपडीत मावत नाही. त्याला अंगण लागतं, चाळीचा चौक लागतो, समोर बसायला शे-दोनशे माणसं लागतात. गिरणगावात ते होतं. गिरण्यांच्या आसपास व्यायामशाळा होत्या, गणेशोत्सवाचे मंडप होते, परळला दामोदर हॉल होता. गिरण्या गेल्या, चाळी पडत चालल्या आणि दामोदर हॉलही पुनर्विकासासाठी बंद झाला. अण्णा भाऊंना जे झोपडीबाहेर मिळालं, तेच आजच्या मुलाला मिळत नाही.

मग हे होणार कसं? आपल्याकडे ते एकदा झालेलं आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीतले साठलेले कागद वर्गवारीने लावले, मुदत संपलेले नष्ट केले, बसण्याची व्यवस्था बदलली, कोणाचं काम काय आणि ते किती दिवसांत व्हायचं हे लिहून ठेवलं. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून तो प्रयोग देशभर गाजला. लक्षात घ्या, नवा कायदा कुठलाच केला नव्हता. अभिलेखांचं वर्गीकरण आधीपासून होतंच: ‘अ’ वर्ग कायम ठेवायचा, ‘ब’ तीस वर्षं, ‘ड’ वर्षभरात काढायचा. फेकण्याचा नियम होता. फेकणाऱ्याच्या पाठीशी उभा राहणारा वरिष्ठ नव्हता. तो मिळाला आणि गठ्ठे हलले. पुढे २०१७ च्या सुमारास पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांच्या ‘झिरो पेंडन्सी’ मोहिमेतही हाच अनुभव आला.

केंद्र सरकारही २०२१ पासून दर ऑक्टोबरात अशी विशेष मोहीम घेतं. भंगार विकून आजवर दोन हजार कोटी रुपयांहून अधिक मिळाले आणि लाखो चौरस फूट जागा मोकळी झाली, असं अभिमानाने सांगितलं जातं. अभिमान वाटावा असंच काम आहे. पण मोकळ्या झालेल्या जागेचं पुढे काय? वाहनतळ, उपाहारगृह, कर्मचाऱ्यांसाठी विश्रांतिकक्ष. क्वचित वाचनकोपरा. खोली रिकामी झाली तरी मिळाली ती कचेरीलाच. रस्त्यावरून जाणाऱ्या मुलीसाठी ती पूर्वीइतकीच बंद आहे.

आता ग्रंथालयांकडे वळतो, कारण तिथे ही गाठ सगळ्यांत घट्ट बसलेली आहे. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा हजारांच्या आसपास आहेत. एवढं जाळं फार थोड्या राज्यांकडे असेल. ग्रंथालयाचा अ, ब, क, ड वर्ग ठरतो आणि त्यावर अनुदान मिळतं. वर्ग ठरवताना पुस्तकांची संख्या हा एक निकष आहे. आता सांगा, वाळवी लागलेली, पानं गळालेली, तीस वर्षांत कोणी न उघडलेली पुस्तकं कोण काढून टाकेल? काढली तर संख्या घटते आणि वर्ग जाण्याची भीती. शिवाय ग्रंथपालाचं मानधन इतकं तुटपुंजं की त्याने वसुलीचा धोका पत्करावा अशी अपेक्षा करणंही अन्याय आहे. केंद्राच्या वित्तीय नियमांत दर हजार पुस्तकांच्या देवघेवीमागे पाच पुस्तकं गहाळ होणं क्षम्य धरलेलं आहे. ही समज गावच्या वाचनालयापर्यंत झिरपायला हवी. नाहीतर कपाटं भिंतीला भिंत म्हणून उभी राहतात आणि त्यांच्यामध्ये वर्तमानपत्र वाचण्यापुरती दोन बाकडी उरतात. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली सांगून ठेवलं की ग्रंथालय ही वाढणारी संस्था आहे. वाढणाऱ्या गोष्टीची छाटणीही करावी लागते, हे आपण सोयीस्कर विसरलो.

छाटणी मात्र कोणाच्या हाती द्यायची, हा प्रश्न हलका नाही. इथे मी मोहीमवाल्यांच्या उत्साहाला लगाम घालू इच्छितो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला तो वाईत सापडलेल्या जुन्या कागदांच्या बळावर. ज्या घरांत ते दप्तर पडून होतं, तिथल्या बहुतेकांच्या लेखी ती केराची धन होती. राजवाड्यांच्या आधी एखादी नीटनेटकी सूनबाई दिवाळीच्या साफसफाईला लागली असती तर पानिपतच्या काळाबद्दलची कितीतरी पत्रं बंबात गेली असती. काही घरांत गेलीही असणार. पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दारं, दौती, लोकांनी काढून टाकलेलं सारं गोळा केलं. आज त्या वीस हजारांवर वस्तूंचं संग्रहालय आहे, आणि केळकर स्वतः ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहिणारे कवी होते. त्यांना सुचण्यासाठी रिकामं टेबल लागलं नाही.

अगदी अलीकडचं उदाहरण तर प्रत्येकाला माहीत आहे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठा आरक्षणाच्या मागणीवरून कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि तहसील कचेऱ्यांतले, शाळांतले, निजामकाळातले मोडीतले आणि उर्दूतले गठ्ठे एका रात्रीत राज्यातला सर्वांत किमती कागद झाले. मोडी वाचणाऱ्यांना गाडी पाठवून बोलावणं आलं. ज्या अधिकाऱ्याने आधीच्या एखाद्या स्वच्छता सप्ताहात ते गठ्ठे जाळले असतील, त्याला तेव्हा बहुधा शाबासकी मिळाली असेल.

म्हणून मोडकं बाक आणि मोडी लिपीतला गठ्ठा यांना एकच नियम लावू नये. बाक, पंखा, बंद संगणक, गंजलेलं पातेलं यांचं निर्लेखन तालुक्याच्या पातळीवर ठरावीक मुदतीत झालं पाहिजे. मुदतीत उत्तर आलं नाही तर मंजुरी मिळाली असं धरावं. कागद आणि पुस्तकं मात्र जाणकाराच्या नजरेखालून गेल्याशिवाय हलू नयेत. जिल्ह्याला एक मोडी वाचणारा आणि एक जुन्या पुस्तकांचा दर्दी मानधनावर नेमणं सरकारला जड नाही. आणि भंगार सगळंच भंगारवाल्याकडे जायला हवं असंही नाही. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारात अरविंद गुप्तांनी आगपेट्या, सायकलच्या नळ्या, जुन्या सीडी यांतून विज्ञान शिकवण्याची एक पद्धतच उभी केली. शाळेतला बंद संगणक लिलावात जे काही चिल्लर मिळवून देईल, त्यापेक्षा सहावीच्या मुलांनी तो उघडून बघणं अधिक मोलाचं आहे. आज तसं केलं तर गुरुजींवर शासकीय मालमत्तेच्या नुकसानीचा ठपका येऊ शकतो. नियमात ‘शैक्षणिक सुटे भाग म्हणून वापर’ एवढी एक सोय घातली तर हा प्रश्न मिटेल.

खोली रिकामी झाल्यावर मात्र खरी झुंबड उडते, आणि याबद्दल भाबडं राहून चालणार नाही. समाजमंदिरांचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. कुठे ते एका पक्षाचं अघोषित कार्यालय झालं, कुठे नगरसेवकाच्या मेहुण्याची व्यायामशाळा, कुठे फक्त लग्नाचं जेवण. पहिल्या दिवशी कोनशिला बसते, फीत कापली जाते, आणि मग किल्ली ज्याच्याकडे त्याची खोली. दारूच्या बाटल्या सापडल्या, मुलींना त्रास झाला, पंखा चोरीला गेला, या तक्रारी काल्पनिक नाहीत. मुख्याध्यापक ‘शाळेनंतर कोणालाच आत घेणार नाही’ म्हणतात तेव्हा त्यांच्याजवळ अनुभव असतो.

यावर मला सुचणारा उपाय अगदी रूक्ष आहे. किल्ली व्यक्तीकडे नको, दोन संस्थांकडे हवी. एक ग्रामपंचायतीकडे किंवा प्रभाग कार्यालयाकडे, दुसरी गावातल्या महिला बचत गटाकडे किंवा वाचनालयाकडे. दारावर फलक: कोणत्या वारी, किती वाजता, कोण. एका गटाला सलग ठरावीक आठवड्यांपेक्षा जास्त नाही. भाडं नाममात्र, पण शून्य नको. छबिलदासलाही भाडं होतं. संध्याकाळी सहा ते नऊ, आणि त्यांतले दोन दिवस फक्त मुलींसाठी, कारण ते लेखी राखून ठेवले नाहीत तर खोली आपोआप मुलांची होते, हे कुठल्याही गावचं मैदान सांगेल. आणि जडवस्तू नोंदवहीला एक रकाना: खोली क्रमांक, वर्षभरात शाळेव्यतिरिक्त वापरलेले तास. लेखापरीक्षकाने बाकं मोजावीत, पण त्या रकान्यात शून्य दिसलं तर त्याचाही आक्षेप काढावा. कुलूप लावणाऱ्याला जाब विचारला जाऊ लागला की उघडणाऱ्याची भीती निम्मी होईल.

राहिला विजेचा आणि स्वच्छतागृहाचा खर्च. शाळांची वीजबिलं थकल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, तेव्हा संध्याकाळचे दिवे कोण भरणार हा प्रश्न ग्रामसभेत पहिल्यांदा विचारला जाईल, आणि तो रास्तच आहे. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा अबंधित निधी मिळतो; गावाच्या गरजेप्रमाणे तो खर्च करायची मुभा असते. आज त्यातून पेव्हर ब्लॉक आणि स्वागत कमानी होतात. एका कमानीच्या खर्चात एका खोलीचे दिवे, पंखे, पाणी आणि मुलींसाठी चालू अवस्थेतलं स्वच्छतागृह बरीच वर्षं चालेल. ग्रामसभेची पुढची बैठक बहुतेक गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरला असते. ठराव मांडायला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो.